आवरलेलं घर चवथीपर्यंत पुन्हा का भरतं? आमच्या घरात सापडलेली कारणं आणि केलेले उपाय

फेब्रुवारीत घर आवरायचं. चार गोणी भंगार काढायचं, कपाटं अर्धी रिकामी करायची, माळा झाडून घ्यायचा. मार्च-एप्रिल घर इतकं देखणं दिसतं की पाहुणे यावेत असं वाटतं. मग पाऊस लागतो, आणि चवथीचे, म्हणजे गणेशचतुर्थीचे, पाहुणे खरोखर येतात तेव्हा घर पुन्हा होतं तिथेच. आमच्याकडे हे सलग तीन वर्षं झालं.

घराची कल्पना यावी म्हणून सांगते. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं जुनं चिऱ्याचं कौलारू घर, मागे नंतर जोडलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या. राहणारी माणसं पाच: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. चवथीला मुंबईहून दिरांचं कुटुंब येतं, तेव्हा नऊ.

सल्ले भरपूर मिळाले. रोज पंधरा मिनिटं आवर. एक वस्तू आणलीस की एक काढ. मुलांना शिस्त लाव. हे सगळं आम्ही केलं, दर वेळी तीन आठवडे टिकलं. रोजच्या पंधरा मिनिटांत ढीग खुर्चीवरून पलंगावर जायचा आणि रात्री झोपायच्या वेळी पलंगावरून परत खुर्चीवर. मला वाटायचं, आपल्यातच आळस आहे. सासूबाईंना तर तशी खात्रीच होती.

आधी ढिगाची नोंद

चौथ्या वर्षी मी आवरणं थांबवलं आणि नुसतं लिहायला लागले. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दर शनिवारी संध्याकाळी, त्या दिवशी घरात सगळ्यात मोठा ढीग कुठे आहे तो एक शब्द. ‘खुर्ची’. ‘पडवी’. ‘मधली खोली’. दूध आणि गॅसच्या नोंदींच्या शेजारी. वर्षभर. कुणाची समस्या आमच्यासारखी असेल तर बाकी काही करण्याआधी निदान तीन महिने एवढं करा. खर्च शून्य आहे आणि भांडणंही होत नाहीत.

वर्षाच्या शेवटी पानं उलटली तर चित्र स्पष्ट होतं. मे महिन्यात ‘कोठी’. जून ते सप्टेंबर जवळजवळ प्रत्येक शनिवारी ‘खुर्ची’ किंवा ‘पलंग’. चवथीच्या आधी आणि नंतर मिळून पाच आठवडे ‘मधली खोली’. आणि वर्षभर, अधूनमधून, ‘दाराजवळच्या पिशव्या’. जानेवारी-फेब्रुवारीत बहुतेक रकाने रिकामे.

म्हणजे घर आळसाने भरत नव्हतं, ते तारखेने भरत होतं. आणि आम्ही आवरायचो नेमकं त्या महिन्यात, जेव्हा घराला सगळ्यात कमी जागा लागते. फेब्रुवारीत रिकामा झालेला कप्पा बघून मला वाटायचं, ही जागा मोकळी झाली. मोकळी कसली, ती पावसाने आधीच राखून ठेवलेली होती. मी मार्चमध्ये तिथे काहीतरी ठेवून मोकळी व्हायचे, आणि जूनमध्ये जागेचा मालक दारात उभा.

जून ते सप्टेंबर: कपड्यांची खुर्ची

हा सगळ्यात मोठा ढीग, म्हणून यावर जास्त लिहिते.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते. अशा हवेत सुती कपडा घरात वाळायला दोन-तीन दिवस घेतो, जीन्स असेल तर चौथा दिवसही. आता हिशोब करा. पाच माणसांचे रोजचे दोन-दोन कपड्यांचे जोड धरले तर दिवसाला वीस नग. ते तीन दिवस वाळणार. म्हणजे कुठल्याही क्षणी घरात साठेक कपडे असे, जे धुवायच्या टोपलीतही नाहीत आणि कपाटातही नाहीत. टॉवेल आणि चादरी वेगळ्याच. उन्हाळ्यात हे सगळं मागच्या अंगणातल्या दोरीवर चार तासांत वाळून परत कपाटात जातं, त्यामुळे या साठ कपड्यांना घरात जागा लागते हेच आमच्या लक्षात आलेलं नव्हतं. मग ते आपली जागा स्वतः शोधायचे: खुर्चीची पाठ, पलंगाचा कठडा, दाराची कडी, मुलाच्या अभ्यासाचं टेबल.

काय केलं ते सांगते.

मागच्या पडवीत, कौलांच्या खाली, दोरी ओढून वर चढवता येणारा कपडे वाळवायचा स्टँड लावला, सहा दांड्यांचा. उष्ण हवा वर असते आणि पायात काही येत नाही. त्याच्या बाजूला भिंतीवरचा जुना पंखा. कपडे वाळतात ते वाऱ्याने, नुसत्या उबेने नाही. पंखा लावल्यावर तीन दिवसांचे दीड दिवस झाले, म्हणजे तरंगते कपडे निम्मे झाले. ढीग निम्मा होण्याचं हे खरं कारण. माझी शिस्त होती तेवढीच आहे.

जाड टॉवेल जून लागताच गुंडाळून ठेवतो आणि पंचे काढतो. मुलांनी आधी नाकं मुरडली. पंचा रात्रीत वाळतो, टॉवेलाला तिसऱ्या दिवशी कुबट वास मारतो. आता मुलगी कॉलेजच्या सहलीलाही पंचाच घेऊन जाते.

तिसरी गोष्ट, अर्धवाळ्या कपड्यांना हक्काची जागा. हात लावल्यावर थंड लागतो तो कपडा वाळलेला नाही, तो कपाटात जाता कामा नये. अशांसाठी वेताची एक उघडी पाटी, पंख्याच्या वाऱ्यात. आणि एकदाच घातलेले, अजून न धुवायचे कपडे? त्यांच्यासाठी दाराच्या मागे प्रत्येकाला एक खुंटी. खुंटी भरली की वरचा कपडा धुवायला. खुंटीवर दोनच्या वर कपडे टिकत नाहीत, आपोआप खाली पडतात, त्यामुळे मला बोलावं लागत नाही.

कपाटातून बुरशी, म्हणून कपाटातलं सगळं बाहेर

याच काळातला उपढीग. ऑगस्टमध्ये कपाट उघडलं की चामड्याच्या पट्ट्यावर, चपलांवर, कोटाच्या कॉलरवर पांढरी-हिरवी बुरशी. मग सगळं बाहेर काढायचं, पुसायचं, पसरायचं, आणि पसरलेलं तसंच पंधरा दिवस.

चिरा हा सच्छिद्र दगड. बाहेरच्या भिंतीला पाऊस लागला की आतून ओल जाणवते, आणि आमचं मोठं कपाट नेमकं त्याच भिंतीला चिकटून होतं. ते चार बोटं पुढे ओढलं. गच्च भरलेल्या कपाटात हवा खेळत नाही, म्हणून कप्पे पाऊण भागच भरायचे ठरवलं. फेब्रुवारीतल्या आवरण्याचा खरा फायदा मला इथे दिसला; कपाटात मोकळी राहिलेली जागा दिसायला वाया, पण बुरशी तिच्यामुळे थांबते. तळातली पुठ्ठ्याची खोकी सगळी काढून टाकली. पुठ्ठा ओल पितो, कसर आणि वाळवीला आमंत्रण देतो.

प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यांबद्दल एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. रेशमी साड्या जूनच्या पहिल्या सरींनंतर घाईघाईने डब्यात घालून झाकण लावलं. ओल आतच कोंडली. गणपतीत नेसायला काढली तेव्हा काठावर डाग. असे डबे जानेवारी-फेब्रुवारीत, कोरड्या हवेत भरायचे. सुती कपड्यांना दुपारचं ऊन दाखवायचं, रेशमी सावलीतच वाऱ्यावर टाकायचे, मग सावलीत पूर्ण थंड होऊ द्यायचे आणि तेव्हाच झाकण लावायचं. आत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर बरं. कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबेही दुकानात मिळतात, त्यांत खाली पाणी साचतं. ते कपाटाच्या तळाशी उभे ठेवायचे आणि साचलेलं पाणी वेळच्या वेळी ओतायचं, कपड्यांवर सांडलं तर ते खारट पाणी सुकतच नाही.

सासूबाई कपाटात झीरोचा बल्ब लावून ठेवायच्या. तो जुना बल्ब गरम व्हायचा म्हणून चालायचा. आता त्या जागी एलईडी लावून काही उपयोग नाही, तो तापतच नाही. आणि जुना मिळाला तरी कपड्यांच्या इतक्या जवळ तापणारा बल्ब मी लावू देत नाही. यावर आमच्या घरी अजून एकमत नाही.

मे: कोठीतला ढीग

पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. शब्द पोर्तुगीज ‘प्रोविमेंतू’वरून आलेला, सवय त्याहून जुनी असणार. पूर्वी चार महिने बाजार लांब, नद्या भरलेल्या, मासेमारी बंद. म्हणून मे संपायच्या आत उकडे तांदूळ, सुक्या मिरच्या, सोलं (आमसुलं), चिंच, कांदे, कुळीथ, अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), सुकी सुंगटं (कोळंबी), सुके बांगडे घरात भरून ठेवायचे. यांत्रिक बोटींवरची मासेमारीबंदी आजही १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस असते, त्यामुळे सुक्या मासळीचं कारण अजून टिकून आहे. बाकी सगळ्याचं? कोपऱ्यावरचं दुकान भर पावसात रात्री नऊपर्यंत उघडं असतं.

म्हणून पुरुमेंत बंद करा, असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर मला या घरात राहायला मिळणार नाही. आणि सोलं मेमध्ये जशी मिळतात तशी ऑगस्टमध्ये मिळत नाहीत, हेही खरं. केलं ते एवढंच: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी कोठीत जे उरलं असेल ते डब्याच्या झाकणावर मार्करने लिहायचं. ‘मिरची, पाऊण किलो उरली.’ ‘चिंच, गोळा तसाच.’ पुढच्या मेमध्ये बाजाराला निघताना ती झाकणं वाचायची. पहिल्याच वर्षी कळलं की तीन किलो मिरची घेणारं घर दोन किलोसुद्धा संपवत नाही. सासूबाईंनी स्वतः दीड किलो आणली. मी काही सांगितलं नव्हतं, झाकणाने सांगितलं.

अजून एक. सामान घरी आल्यावर जागा करायची नाही, आधी करायची. एप्रिलच्या शेवटी कोठीतल्या दोन फळ्या पूर्ण रिकाम्या दिसल्या पाहिजेत. नाही दिसल्या तर त्यांवर फेब्रुवारीपासून काय येऊन बसलं ते बघा. आमच्याकडे बहुधा मिक्सरचं खोकं आणि दिवाळीचा आकाशकंदील.

चवथ: दार लावून घेतलेली खोली

चवथीच्या आधी रंग, साफसफाई, देवघराची खोली रिकामी करणं, सगळं पंधरा दिवसांत. आणि या पंधरा दिवसांत जे जे हाताला लागेल ते मधल्या खोलीत. शेवटी तिचं दार ओढून घ्यायचं आणि पाहुण्यांसमोर हसायचं. प्रत्येक घरात ही खोली असते. आमच्याकडे एका वर्षी पाहुण्यांच्या लहान मुलीने लपाछपीत तेच दार उघडलं, आणि दिरांनी नुसतं “अरे वा” म्हटलं ते मी विसरलेले नाही.

घोटाळा असा, की त्या खोलीत गेलेल्या वस्तू एकमेकांत मिसळतात. शाळेची पुस्तकं, इस्त्री, बिलं, औषधं, स्क्रू ड्रायव्हर एकाच टोपलीत. विसर्जनानंतर अंगात त्राण नसतं, म्हणून टोपली तशीच राहते आणि लागेल तशी एकेक वस्तू उपसली जाते. आमच्या काही टोपल्या दिवाळीपर्यंत टिकल्या आहेत.

आता हलवायचं ते खोलीनुसार हलवतो. देवघराच्या खोलीतलं एका पेटीत, बाहेरच्या खोलीतलं दुसऱ्या. पेटीवर कागद. मिसळायचं नाही, एवढाच नियम. आत कसंही कोंबलेलं असलं तरी चालेल. परत जाताना ती पेटी एका खोलीत एकदाच जाते आणि तिथेच रिकामी होते.

चवथीचं स्वतःचं सामानही मोठं: माटोळीची (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात ती) चौकट, मखर, दिव्यांच्या माळा, पाट, मोठी पातेली, पातोळ्यांचं भांडं, घुमट (आरतीला वाजवायचं मातीचं वाद्य) आणि झांजा. पूर्वी हे चार ठिकाणी असायचं आणि दरवर्षी शोधताना चारही ठिकाणं विस्कटायची. आता सगळं माळ्यावर एका बाजूला, आणि काढण्याच्या उलट क्रमाने ठेवलेलं, म्हणजे पहिल्यांदा लागणारी माटोळीची चौकट सगळ्यांत पुढे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहुणे निघायच्या आत, हे वर चढतं. नऊ माणसांचे हात असतात तेव्हा पाऊण तास लागतो. आम्ही दोघंच उरल्यावर एक महिना लागायचा.

पाहुण्यांच्या गाद्यांचा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही. कापसाच्या गाद्या जड, ओल धरणाऱ्या, वर्षातले जेमतेम दहा दिवस लागणाऱ्या. सातपैकी तीन काढल्या, त्यांच्या जागी घडी होणाऱ्या पातळ गाद्या घेतल्या. बाकी चार ऑक्टोबरच्या कडक उन्हात दोन दिवस टाकून मग झाकतो.

दाराजवळच्या पिशव्या

हा ढीग आवरण्यामुळेच तयार होतो. द्यायचे कपडे, जुनी वायर, बंद पडलेला मिक्सर, काचेच्या बाटल्या. वेगळं काढलं म्हणजे काम झालं असं वाटतं आणि पिशवी सोप्यावर बसून राहते. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी तिच्यातून काहीतरी परत घरात नेतं.

आमच्या गावात सुक्या कचऱ्याची गाडी रोज येत नाही, ठरलेल्या दिवशी येते. म्हणून आता आवरायला बसायचं ते गाडीच्या आदल्या दिवशीच. कपडे कुणाला द्यायचे त्या घरी आधी फोन, होकार आला तरच कपाट उघडायचं. भंगारवाल्याचंही तसंच. बाहेर जायची वाट आधी ठरवायची, मग वस्तू उचलायची. ही अट घातल्यापासून आम्ही कमी वेळा आवरतो, पण काढलेलं खरंच जातं.

कागद: इथे घाई नको

एका आवरण्यात मी सासऱ्यांची पत्र्याची ट्रंक रद्दीत काढणार होते. आत पिवळे पडलेले पोर्तुगीज कागद, शिक्के, कुणाच्या तरी सह्या. नवऱ्याने वेळेवर पाहिलं. गोव्यातल्या घरात १९६१ च्या आधीचा कुठलाही कागद, जमिनीचा असो की जन्म-लग्नाच्या नोंदीचा, वाचता येत नाही म्हणून टाकू नका. वाटणी, दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेल्या मुंडकाराचा वाद, घरावरचं नाव बदलणं, कशात तरी तो लागतो. एक-चौदाचे (सातबारासारखे जमिनीचे) उतारे, जुन्या घरपट्टीच्या पावत्याही त्याच ट्रंकेत. आम्ही सगळ्यांचे स्कॅन केले, मूळ कागद सपाट फोल्डरमध्ये घालून आतल्या, बाहेरची भिंत नसलेल्या खोलीत ठेवले. लॅमिनेशन करू नका, ते परत सुटत नाही. वर्तमानपत्रांचा गठ्ठा मात्र निर्धास्त विका.

दुसऱ्याच्या वस्तू

नवऱ्याच्या वस्तू मी टाकायचे आणि माझ्या तो, त्या वर्षी आम्ही महिनाभर नीट बोललो नाही. तेव्हापासून ज्याची वस्तू त्याने ठरवायचं. घराच्या सामायिक जागेत काय राहील एवढंच सगळ्यांनी मिळून ठरवायचं. मुलाच्या खोलीकडे मी बघत नाही, दार त्याचं आहे.

सासूबाईंच्या बरण्या सामायिक जागेत होत्या. लोणच्याच्या, जॅमच्या, हॉर्लिक्सच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या, स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर एकूण एकेचाळीस. एकदा त्यांच्या नकळत दहा काढल्या, तर तिसऱ्या दिवशी त्यांनी मोजून विचारलं, “अगो, बाटल्या कुठे गेल्या?” मग समोरासमोर बसून ठरवलं. फळीवर मावतील तेवढ्या, एका ओळीत, एकावर एक नाही. ओळीत बारा मावल्या. तेरावी आली तर एक बाहेर जाईल, हे त्यांनी स्वतः कबूल केलं.

गेल्या महिन्यात तेरावी आली. शब्दाच्या पक्क्या, त्यांनी एक बाटली उतरवली, तिच्यात बिमलांचं लोणचं भरलं आणि शेजारच्या वहिनींकडे पाठवून दिली. चार दिवसांनी वहिनी आल्या. भांडं रिकामं कसं परत करायचं, म्हणून बाटलीत आमसुलं भरून आणली होती. सोबत आणखी एक लहान बाटली, चटणीची.

फळीवर सध्या चौदा आहेत.